सर्व पूर्ववत

१

ठोकेकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. जुनी, छोटी विमानं विकली जाण्याआधी त्यांचा भाव काढून देणं हा त्यांचा धंदा, आणि भाव काढायचं त्यांचं हत्यार म्हणजे एक नाणं. खिशातून नाणं काढायचं, विमानाच्या नाकापासून सुरुवात करायची आणि वीत वीत अंतराने शेपटापर्यंत ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणीत बोलतो. रंगाखाली कुठे पुट्टी भरलेली असेल, वाकलेलं सरळ केलेलं असेल, तर तिथे सर्दी झालेल्या माणसासारखा त्याचा आवाज बसतो. लोक म्हणायचे, काकांचे कान सोन्याने मढवायला हवेत. काका म्हणायचे, नको, मग ऐकू कमी येईल.

या धंद्यातली मेख एवढीच की, एकदा मोडलेल्या विमानाची किंमत उतरते. दुरुस्ती कितीही झकास झालेली असो, उतरतेच. कारण घेणाऱ्याच्या मनात किंतू राहतो, आणि किंतू सोबत घेऊन हवेत जायला कुणी धजत नाही. मात्र विमानाच्या वहीत सगळं खरंखरं लिहिलेलं असेल, काय मोडलं, कधी मोडलं, कुणी जोडलं, तर तो किंतू हळूहळू विरतो. दहाएक वर्षांनी त्याबद्दल कुणी विचारतही नाही. ‘लिहिलेलं नुकसान दर वर्षी हलकं होत जातं, लपवलेलं दर वर्षी जड होतं,’ असं काका नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवायचे. गेली तीन वर्षं मात्र हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी गेली. एकुलती एक. एका जागी बसायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. लहानपणी सुट्टी लागली की ती बाबांबरोबर हँगरमध्ये यायची आणि विमानाच्या शेपटीच्या पोकळीत शिरून बसायची. काका बाहेरून तीन ठोके द्यायचे. म्हणजे, कसं आहे? आतून एक ठोका आला की ठीक. दोन आले की इथे काहीतरी वाईट आहे. आठ वर्षांच्या पोरीला पत्र्यातलं काय कळणार, हा निव्वळ खेळ होता; तरी दोन वेळा तिचंच खरं निघालं. पुढे ती वैमानिक झाली तेव्हा काकांनी आपलं कडा झिजलेलं जुनं नाणं तिला देऊन टाकलं आणि स्वतः नवं घेतलं. विमानासकट ती ज्या शेतात पडली, तिथे तिच्या बाकीच्या वस्तू सापडल्या. नाणं सापडलं नाही.

भिंगरी दुपारी चारला घरी यायची. काकू अजूनही पावणेचारला पुढच्या दाराची कडी काढून ठेवत. रात्री निजेपर्यंत ती पुन्हा घालत नसत.

दलालाचा फोन आला तेव्हा काका चष्मा पुसत होते. दोन जणांचं विमान आहे, बावीस वर्षांचं, मालक परदेशी गेलाय, एक उड्डाणशाळा घेऊ म्हणतेय, दोन दिवसांत अहवाल हवा. विमानाला कधी काही लागलंय का, असं काकांनी सवयीने विचारलं. दलाल हसला.

“काका, ओरखडासुद्धा नाहीये. आणि वहीत सगळीकडे तुमच्याच सह्या आहेत. आता तुम्हीच खोटं ठरवणार का स्वतःला?”

काकांना त्या विमानाची काही आठवण नव्हती. पण तीस वर्षांत हजारांवर सह्या केलेल्या, एखादी विसरायचा हक्क त्यांना होताच.

२

ते हँगर धावपट्टीच्या टोकाला, सगळ्यांपासून फटकून होतं. दुपारचं ऊन वर पत्र्यावर पडलेलं आणि पत्रे तापून टक टक वाजत होते. आत ग्रीस आणि जुन्या रबराचा वास. विमान मधोमध उभं होतं, पांढरं, बाजूने निळा पट्टा. रंग नवा वाटत नव्हता आणि जुनाही वाटत नव्हता.

या जातीची विमानं गल्लोगल्ली नसली तरी शेकड्यांनी बनली आहेत. भिंगरीचं विमानही याच जातीचं होतं. त्यामुळे ते पाहताच तिची आठवण आली, यात नवल नव्हतं. अशी आठवण अधूनमधून यायचीच, काका ती बाजूला सारून कामाला लागायचे.

त्यांनी नाणं काढलं. नाक खणखणीत, दार खणखणीत, उजवा पंख मुळापासून टोकापर्यंत एकसारखा, शेपटी तर घंटेसारखी. अर्ध्या तासात काकांच्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षं शिकाऊ पोरांनी हाताळलेलं विमान, आणि कुठे एक पोचा नाही? दारावर कुणाचा बूट लागला नाही, पायरी कुणी घासली नाही? धडधाकट माणसाच्या अंगावरही लहानपणच्या पडझडीची एखादी खूण असतेच. या विमानाला तेवढीही नव्हती.

डावा पंख त्यांनी शेवटी ठेवला होता. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. पंखाच्या मुळाशी, चाकाचा पाय जिथे जोडलेला असतो तिथे ते आले आणि हाताने त्यांच्या नकळत तीन ठोके दिले. सरळ तीन, मध्ये थांबत. तीन वर्षांत त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

आतून एक ठोका आला.

वर पत्रे टकटकत होतेच. ऊन तापलं की धातू फुगतो, आवाज करतो, हे काका लोकांना समजावत आले होते. त्यांनी ते स्वतःलाही समजावलं. पण समजावता समजावता ते पंखापासून मागे झाले, भराभर चालत हँगरच्या बाहेर पडले आणि उन्हात जाऊन उभे राहिले. एक ठोका म्हणजे ठीक. त्यापुढे ऐकायला ते थांबलेच नाहीत.

परत आल्यावर त्यांनी दाराच्या चौकटीतली कारखान्याची पट्टी पाहिली. शेपटीवरचा क्रमांक रंगाने बदलता येतो, ही पट्टी मात्र रिव्हेटने ठोकलेली असते. तिच्यावरचे सहा आकडे काकांना पाठ होते. ते भिंगरीच्या विमानाचे होते.

३

असली चोरी नवी नव्हती. भंगारातल्या विमानाची पट्टी काढायची, कागद मिळवायचे आणि दुसऱ्याच सांगाड्यावर चढवून विकायचं. काकांनी असे दोघे जण पकडूनही दिले होते. म्हणजे ही लबाडी होती, आणि लबाडी म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं. लबाडीला माणसाचे हात असतात. ते खुर्ची ओढून बसले आणि वही उघडली.

तीन वर्षांमागच्या एका पानावर त्यांचं स्वतःचं अक्षर होतं. ‘नियमित तपासणी. सर्व पूर्ववत.’ खाली सही.

हे पान त्यांना दिसायलाच नको होतं. ती वही विमानात होती आणि विमानाबरोबर जळाली होती. जळलेली त्यांनी पाहिली होती का? नाही, त्यांना तसं सांगण्यात आलं होतं. पण ते पान त्यांना लख्ख आठवत होतं, कारण आयुष्यात त्यांनी लिहिलेलं ते एकच खोटं पान होतं.

ते पान लिहिण्याआधी दोन दिवस भिंगरी विमान घेऊन उतरली ती जोरात टेकली. चाकाचा पाय डाव्या पंखाचा सगळा भार पेलणाऱ्या मुख्य दांड्यात घुसला, खालचा पत्रा दुमडला. कुणी पाहिलं नव्हतं. आठ दिवसांनी उड्डाण-शिक्षिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, आणि विमान ज्या फ्लाइंग क्लबचं होतं त्याचा मालक ते विकायला काढणार होता. वहीत लिहिलं की विमानाचा भाव पडला, आणि तो कुणामुळे पडला तेही सगळ्यांना कळलं. हँगरच्या दारात उभी राहून ती म्हणाली होती, “बाबा, नको ना लिहूस. एवढ्याशासाठी जन्मभर माझ्या नावामागे लागेल.”

पोरीने तोंड एवढंसं केलं होतं. काकांना नाही म्हणता आलं नाही. दोन दुपारी खपून त्यांनी पत्रा सरळ केला, पुट्टी भरली, रंग लावला. दांड्याला एक बारीकशी मुरड होती. ती त्यांनी बोटाने चाचपली आणि ठरवलं की चालेल. मग गंमत म्हणून, दोघं पुन्हा एकदा लहान झाल्यासारखं, भिंगरी विमानात शिरली आणि त्यांनी बाहेरून तीन ठोके दिले. आतून एक आला. काका म्हणाले, “झालं, चल, उशीर होतोय.” दुसरा आला असता का, हे त्यांना कधीच कळलं नाही.

सात आठवड्यांनी तो पंख हवेत दुमडला. चौकशीवाल्यांना कारण सापडलं नाही. काका गप्प राहिले. काकूंनाही त्यांनी सांगितलं नाही. आधी धीर झाला नाही, मग उशीर झाला, मग उशीर झाल्याचीच लाज वाटू लागली.

त्यांनी पान उलटलं. भिंगरी गेली त्या तारखेला निळ्या शाईत नोंद होती. ‘एक तास दहा मिनिटं. तक्रार नाही.’ अनुस्वाराच्या जागी बारीकसा गोल होता. शाळेपासून बाईंनी किती छड्या मारल्या तरी भिंगरीने अनुस्वाराचं टिंब कधी केलं नाही, गोलच केला.

वही तिथे थांबली नव्हती. पानामागून पानं होती. ‘वारं फार.’ ‘शिक्षिका म्हणून पहिला दिवस.’ ‘आज पहिल्यांदा विद्यार्थिनीला एकटीला सोडलं. तिच्यापेक्षा मीच रडले.’ ‘ढगांच्या वर गेलो, खाली काही दिसेना, छान वाटलं.’ तीन वर्षांचं सगळं आयुष्य, तास आणि मिनिटांसकट. काका वाचत राहिले. कुणीतरी अक्षर गिरवून ही क्रूर थट्टा केली असेल, हे त्यांना कळत होतं. तरी थांबवेना. भुकेल्या माणसाने कुणाचं ताट आहे ते न पाहता जेवावं, तसे ते वाचत होते.

शेवटची नोंद कालची होती. ‘उद्या बाबा येणार.’

४

काका घरी गेले. काकू त्यांना जरा वेगळ्या वाटल्या. चहाचे कप ओट्यावर होते, दोनऐवजी तीन. काकांची नजर तिकडे गेलेली पाहून त्यांनी तिसरा निमूटपणे फडताळात ठेवला. थोड्या वेळाने, चादरीच्या घड्या घालता घालता, त्यांनी सांगितलं की आज चारच्या सुमाराला पुढचं दार आपसूक उघडून मिटलं.

काका म्हणाले, वारा असेल.

“पान हलत नव्हतं,” काकू म्हणाल्या. “आणि अहो, वाऱ्याला चपला काढायची सवय असते का?”

काकांनी दाराशी जाऊन पाहिलं. चपला होत्या त्या दोघांच्याच. पण त्या भिंतीकडे सरकवलेल्या होत्या, कोपऱ्यात तिसरी जोडी मावेल एवढी जागा करून. काकूंनीच सरकवल्या असणार. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काकूंनी नाही म्हटलं असतं, आणि ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

अंथरुणावर पडल्यावर आजपर्यंत कधी न आलेला विचार त्यांच्या मनात आला. विमानाला काही लागलंच नसेल तर? वही खरी असेल, पंख धड असेल, तर मग ते शेतही नाही, तिच्यावर घातलेली पांढरी चादरही नाही. त्यांनी फक्त अहवालातल्या ‘पूर्वीचं नुकसान’ या शेवटच्या रकान्यात ‘नाही’ लिहायचं होतं. खोटंही नव्हतं ते. नाण्याने आज तेच सांगितलं होतं.

पोरगी परत मिळणार असेल तर बाप काय लिहिणार नाही?

५

दुसऱ्या दिवशी दुपारी उड्डाणशाळेच्या बाई आल्या. असतील तिशीच्या, उन्हाने रापलेल्या, केस पेन्सिल खोचून वर बांधलेले. भिंगरी आज एवढीच असती. बाईंनी विमानाभोवती एक चक्कर मारली, पंखावरून हात फिरवला, पण चेहऱ्यावरचा आनंद त्यांनी हातचा राखून ठेवला. मोठ्या मेहनतीने शाळा उभी केल्याचं आणि आता सहा मुली शिकायला आल्याचं त्यांनी सांगितलं. सगळ्यात लहान एकोणीस वर्षांची आहे, तिची आई रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन उभी राहते.

“काका, मला चकाकी दाखवू नका,” त्या म्हणाल्या. “त्या पोरींना मी ‘जा’ म्हणणार आहे. तुमच्या शब्दावर म्हणणार आहे. यात बसवू ना?”

अहवाल चार वाजेपर्यंत तयार होईल, एवढंच काका बोलले. बाई ऑफिसात कागद आणायला गेल्या आणि हँगरमध्ये पुन्हा फक्त पत्र्यांची टकटक राहिली.

काकांनी अहवाल पुरा करत आणला. इंजिनाचे तास, टायर, काच, रंग. शेवटी तो रकाना. पूर्वीचं नुकसान: आहे, नाही. पेन त्यांनी ‘नाही’वर टेकवलं आणि हात थांबला. हा भिंगरीचा बाप थांबला नव्हता, हा तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलेला माणूस थांबला होता. डाव्या पंखाखालचं तपासणीचं झाकण त्यांनी अजून उघडलं नव्हतं. ते न उघडता त्यांनी आजवर एकाही विमानाला अहवाल दिला नव्हता. तेवढं पाहू आणि मग ‘नाही’ लिहू, असं त्यांनी ठरवलं.

फळीवर पाठ टेकून ते पंखाखाली सरकले. चार स्क्रू काढले. झाकण निघालं आणि वर हाताच्या पंज्याएवढं काळं भोक दिसू लागलं. बॅटरीचा उजेड त्यात जात होता आणि कुठे लागत नव्हता.

तेवढ्यात छातीवरच्या खिशात फोन वाजला.

६

काकूंचा होता. त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की काकांना आधी ओळखूच आला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्या अशा बोलत.

“अहो, ती आलीये,” काकू म्हणाल्या. “हात धुतेय.”

काकांनी फोन कानाला घट्ट धरला. मागे नळ वाहत होता. भिंगरी हात धुवायची तेव्हा नळ पुरा सोडायची, आणि सगळी टाकी रिकामी करतेस म्हणून ते रोज ओरडायचे. साबणाची डबी बेसिनवर आपटल्याचा आवाज आला. तिची जुनी खोड.

“तुम्ही लवकर या,” काकू म्हणाल्या. “तुमचंच विचारत होती. बाबांचं लिहून झालं का, म्हणाली.”

“तू पाहिलंस तिला?”

“पाठमोरी आहे हो. वळेलच आता.”

काकांचे डोळे भरून वाहू लागले आणि उताणं पडल्यामुळे पाणी कानांत गेलं. आयुष्यात त्यांना काही एवढं हवं झालं नव्हतं. उठायचं, रकान्यात दोन अक्षरं लिहायची आणि घरी जायचं. उजवा हात मात्र अजून त्या भोकाच्या तोंडाशी होता. सवय माणसाला कुठे सोडते! काकांनी हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि मुख्य दांडा बोटांनी चाचपला. गुळगुळीत होता. मुरड नव्हती. वही खरी होती.

मग, कशासाठी कोण जाणे, त्यांनी बोटाच्या पेराने दांड्यावर तीन ठोके दिले. कसं आहे?

एक ठोका आला. आतून, अगदी हाताजवळून.

फोनमध्ये नळ वाहत होता. काकू काहीतरी गुणगुणत होत्या. हात ओढून घ्यावा, असं काकांच्या सगळ्या अंगाने त्यांना सांगितलं. एकदा बाहेर पळालो, त्याआधी एकदा ‘चल, उशीर होतोय’ म्हणालो. या वेळी त्यांनी हात ठेवला. श्वास रोखला आणि वाट पाहिली.

दुसरा ठोका आला.

आणि त्यांच्या हातावर बोटं टेकली. तीन बोटं, नखं कुरतडलेली. काकांनी तिला पन्नासदा सांगितलं होतं, नखं खाऊ नकोस. त्या बोटांनी त्यांचा तळवा उघडला, त्यात काहीतरी ठेवलं आणि एकेक करून त्यांची बोटं त्यावर मिटवली, लहान मुलाच्या हातात खाऊ द्यावा तशी. मग बोटं गेली.

काकांनी हात बाहेर काढला. मुठीत नाणं होतं, कडा झिजलेलं. वरून कुठून तरी घरंगळून पडलं असतं तर ते थंड असतं. हे नाणं गरम होतं, कुणीतरी बराच वेळ मुठीत धरल्यासारखं.

फोन चालूच होता. त्यांनी तो जमिनीवर ठेवला, कापला नाही. पंखाखालून निघून ते उठले, विमानाच्या समोरच्या काचेकडे न बघता टेबलाशी गेले आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘आहे. डाव्या पंखाच्या मुख्य दांड्याला मुरड. जोरात टेकल्यामुळे. दुरुस्ती मी केली, अपुरी केली आणि नोंदवली नाही. हे विमान उडवू नये.’ तारीख त्यांनी तीन वर्षांपूर्वीची घातली आणि सही केली.

जमिनीवरच्या फोनमधून काकूंचा आवाज आला.

“अहो, नळ बंद झाला.”

मग पावलं बेसिनकडे गेल्याचा आवाज. मग पुन्हा, अगदी लहान आवाजात, “अहो, इथे कुणी नाहीये.”

७

बाई परत आल्या तेव्हा काका खुर्चीत बसून होते. अहवाल त्यांनी पुढे केला. बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला, पुन्हा एकदा वाचला, मग पंखाकडे गेल्या आणि वाकून पाहिलं. मुळाशी, रंगाखाली, हातभर लांबीची एक सुरकुती वर आली होती.

“हे मघाशी होतं?”

“होतं,” काका म्हणाले. “तीन वर्षांपासून आहे.”

बाईंनी टेबलावरची वही चाळली आणि एका पानाशी थांबल्या. काकांना ते पान न पाहताही कळलं.

“यात पुढची सगळी पानं कोरी आहेत, काका. ‘सर्व पूर्ववत’ आणि त्यापुढे काहीच नाही.”

काकांनी मान हलवली. ढगांच्या वर गेलेली दुपार, एकटीला सोडलेली विद्यार्थिनी, शिक्षिका म्हणून पहिला दिवस. त्यांनी स्वतःच्या हाताने ते पुसलं होतं. काल त्यांना त्यातलं शब्दन्शब्द पाठ होतं, आणि आता ते आठवायला लागले तर अर्धं आठवेना.

दलालाने फोनवर आकाशपाताळ एक केलं. अशा शेऱ्यानंतर विमानाला भंगाराचा भाव आला, सुट्या भागांचाही कुणी भरवसा धरणार नाही, वगैरे. काकांनी ते ऐकून घेतलं. जाताना बाई त्यांच्यापाशी थांबल्या आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या. काकांना ते सोसवलं नाही. ते तोंड फिरवून उभे राहिले.

८

घराचं पुढचं दार सताड उघडं होतं. काकू जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, मांडीवर हात पुसायचा टॉवेल. काकांनी तो हातात घेतला. ओला होता. बेसिनही ओलं होतं आणि साबणावर फेस अजून जिरत होता. काकूंनी स्वतः हात धुतले असतील. काकांना तसं म्हणता आलं असतं.

“वळणार होती हो,” काकू म्हणाल्या. “अगदी वळणारच होती.”

काका समोर बसले. त्यांनी नाणं टेबलावर ठेवलं. काकूंनी ते लगेच ओळखलं. कितीदा तिच्या खिशातून धुवायच्या कपड्यांबरोबर निघालं होतं. ते कुठे सापडलं, असं त्यांनी विचारलं.

मग काकांनी सांगितलं. डाव्या पंखात सापडलं, हे आधी सांगितलं आणि मग बाकीचं. जोरात टेकलेलं विमान, दारात उभी राहिलेली पोरगी, दोन दुपारी, मुरड, आणि वहीत लिहिलेले ते दोन शब्द. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही आणि रडलेही नाहीत. रडण्यावर हक्क उरला नाही, असं त्यांना वाटत होतं. सांगून झालं तेव्हा उजेड टेबलावरून उतरून जमिनीवर गेला होता.

काकू उठल्या. त्यांनी पुढचं दार लावलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा, निजायच्या वेळेआधीच, आतून कडी घातली. मग परत येऊन बसल्या.

काकांनी नाणं उचललं. ते आता गार झालं होतं. आणि हाताने पुन्हा तेच केलं, लाकडावर, हळू, मध्ये थांबत. तीन ठोके. कसं आहे?

ते ऐकत राहिले. नळाकडून, दाराकडून, भिंतीतून. कुठून काही आलं नाही, आणि यापुढे कधी येणार नाही हे त्यांना कळलं.

मग काकूंनी बोट उचललं. हा खेळ त्यांना कुणी शिकवला नव्हता. पण बापलेकीचे ठोके पंधरा वर्षं ज्या घराच्या भिंतींवर वाजत राहिले, त्या घरात त्याही होत्याच. त्यांनी काकांकडे न पाहता टेबलावर एक ठोका दिला. थांबल्या. काका श्वास धरून बसले.

काकूंनी दुसरा दिला.

हात मात्र त्यांनी मागे घेतला नाही. तो तिथेच, काकांच्या हाताशेजारी, टेबलावर राहिला.